बारीक मिज बांधता, तरी ट्राउट लागत नाही? या चुका टाळा

कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीवर डेकर्सला किंवा न्यू मेक्सिकोतल्या सॅन हुआन नदीवर नॅव्हाहो धरणाखाली ट्राउट मासा धरायला उभ्या असलेल्या नवख्याची तक्रार बहुतेक एकच असते: "बावीस नंबरची झेब्रा मिज आहे, व्हिडिओत दाखवली तश्शीच बांधलीय, पण मासा ढुंकूनही बघत नाही." मिज म्हणजे डासासारखा चिमुकला कीटक, आणि त्याची नक्कल म्हणून गळावर बांधलेली खोटी माशीसुद्धा; झेब्रा मिज ही दोरा, तार आणि डोक्यावर मणी अशी बांधतात. गळाचा नंबर जेवढा मोठा, तेवढा गळ लहान. मग माश्यांची डबी उघडते आणि काळी काढून लाल, लाल काढून ऑलिव्ह असा खेळ सुरू होतो. रंगाचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो जाडीचा, आणि त्याहून जास्त खोलीचा.

आधी जाडी. मिजची अळी म्हणजे जेमतेम एक दोरा. कोष थोडा फुगीर, पण तोही फक्त डोक्यामागे. आपण मात्र दोऱ्याचे थरावर थर चढवतो आणि अंग लठ्ठ करून ठेवतो. नेढ्यामागून मागे एक थर, तिथून पुढे दुसरा थर, बास. तार पूर्ण दांड्यावर दोऱ्याखाली दाबत न्या, म्हणजे मध्येच गाठ उठत नाही. तारेचे पाच-सहा वेढे पुरतात. दोरा ७० डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप) किंवा त्याहून बारीक घ्या. गुंडाळता गुंडाळता दोऱ्याला पीळ बसतो आणि तो गोल होऊन उंचवटे करतो. उजव्या हाताने बांधत असाल तर बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारं साधन) लोंबकळत सोडून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, दोरा चपटा बसेल. अंग एवढ्यानेच निम्मं सुधारतं.

दोरा सारखा तुटतोय? बहुतेक वेळा तो गळाच्या टोकाला घासतोय. वाइसमध्ये, म्हणजे गळ पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात, गळ धरताना टोक जबड्याआड जाईल असं बघा, किंवा त्या भागात बॉबिन जरा लांबून फिरवा.

मण्याचं गणित वेगळंच. २२ नंबरच्या गळावर २ मिमीचा मणी छान चमकतो, पण दांडा आणि टोक यांच्यामधली जागा खाऊन टाकतो. मासा तोंडात घेतो, टोक कुठेच रुतत नाही, आणि आपण म्हणतो "नुसतं हुंगून गेला". दीड मिमीचा टंगस्टन मणी घ्या. डोक्यावर वार्निश लावलं तर वाळायच्या आत नेढ्यातून सुई फिरवा. जानेवारीत बधिर बोटांनी बंद नेढ्यात टिपेट (दोरीचं शेवटचं बारीक टोक) ओवून पाहिलंत की का ते कळेल.

आता पाण्यात. धरणाखालचं पाणी बारमाही थंड. हिवाळ्यात ट्राउट संथ डोहात तळाशी बसून असते आणि तोंडासमोर येईल तेवढंच खाते. मिज एवढीशी, तिच्यामागे दोन फूट धावणं तिला परवडत नाही. म्हणून माशी बदलण्याआधी खोली बदला. इंडिकेटरपासून (घास लागल्याचं दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेपासून) वजनापर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवून सुरुवात करा. मग वजनासाठी एकेक बारीक शॉट (दोरीवर चिमटायची छोटी गोळी) वाढवत जा, माशीच्या साधारण वीतभर वर. अधूनमधून तळ लागला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर तुमची मिज माशांच्या डोक्यावरून चाललीय. मोठा इंडिकेटर मात्र नको. मिजचा घास इतका हलका असतो की तो हलतही नाही.

पृष्ठभागावर मासे उठताना दिसले की घाईघाईने कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, माशी लावली जाते. जरा थांबून बघा. पाठ आणि शेपूट दिसते, पण बुडबुडा राहत नाही? मग ते पाण्याच्या पापुद्र्याखाली अडकलेले कोष खातायत, तिथे मणी नसलेली मिज इंचभर खाली हवी. बुडबुडा राहत असेल तर ग्रिफिथ्स नॅट ही तरंगणारी माशी लावा. मोराच्या पिसाचं अंग आणि ठिपकेदार हॅकल (कोंबड्याच्या मानेचं पीस), एवढंच तिचं बांधकाम. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते जॉर्ज ग्रिफिथ मिशिगनच्या ऑ सेबल नदीकाठचे, आणि १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउट आणि त्यांच्या नद्या जपणारी संस्था त्यांच्याच घरी सुरू झाली. थव्याने एकमेकांना चिकटलेल्या मिजसारखी ती दिसते, त्यामुळे १८ नंबरचीसुद्धा चालून जाते. डोळ्यांना तेवढाच आराम.

टिपेट ६एक्स, म्हणजे सुमारे ०.१३ मिमी. पाणी फारच स्वच्छ आणि संथ असेल तर त्याहून बारीक ७एक्स. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी ओढलीत तर दोरा तिथेच कमजोर होतो.

सॅन हुआनच्या खास नियमांच्या पट्ट्यात गळाला उलटा काटा चालत नाही. तो माशी बांधण्याआधीच पक्कडीने दाबून टाका. काही बारीक गळ दाबताना मोडतात, आणि मोडायचाच असेल तर तो रिकामा मोडलेला बरा.

घास लागला की झटका देऊ नका, काठी नुसती उचला. २२ नंबरचा गळ एवढ्यानेही रुततो. रीळचा ड्रॅग (दोरी सुटताना अडवणारा ब्रेक) आधीच सैल ठेवा. मासा पळाला तर पळू द्या, हात रीळच्या मुठीपासून लांब ठेवा, आणि तो थांबला की मगच दोरी गोळा करा.