थ्रीडी फोटोत समई दुहेरी दिसत होती, ते असं सुटलं

दोन कॅमेरे शेजारी ठेवून पितळी समईचा स्टिरिओ फोटो (डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकेक चित्र) काढला. लाल-निळा चष्मा लावला की मागची भिंत ठीक, पण पुढची चोच दुहेरी, आणि मिनिटभरात डोळे ठणकायला लागायचे.

कॅमेरे आत तिरके केले, तर कोपऱ्यांत दोन्ही चित्रं वर-खाली झाली. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक केलं, चष्मा बदलला. तीन रविवार वाया.

घोळ अंतरात होता. दोन लेन्सच्या मध्यांत 13 सेंमी, आणि चोच फक्त 60 सेंमीवर! फुल फ्रेमवर (36×24 मिमी सेन्सर) 50 मिमी लेन्स असेल तर ढोबळ नियम असा: दोन लेन्समधलं अंतर म्हणजे सर्वांत जवळच्या वस्तूचं अंतर भागिले 30. म्हणजे 2 सेंमी. 100 मिमी लावली तर निम्मं, 1 सेंमी. दोन कॅमेरे इतके जवळ येतच नाहीत, म्हणून एकच वापरला.

आधी फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल. टेबलावर स्टीलची पट्टी चिकटवली, कॅमेरा तिला टेकवून डावा फोटो काढला. मग न वळवता, पट्टीवर मोजून 2 सेंमी उजवीकडे सरकवला आणि दुसरा काढला. शेवटी स्टिरिओफोटो मेकर या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही चित्रं आपोआप जुळवून घेतली.

समई विझवलेलीच ठेवा. ज्योत दोन फोटोंत सारखी राहत नाही.