कॉम्पॅक्ट एसयूव्ही पंधरा वर्षं चालवायची असेल तर रबराकडं बघा

आमची गाडी 2016 च्या दसऱ्याला घेतलेली, चार मीटरच्या आतली, डिझेल, आत्ता 1,48,000 किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण एकदा नाव घेतलं की विषय गाडी कशी टिकवायची यावरून कुणाची गाडी भारी यावर जातो आणि तिथेच अडकतो. गाडी पुण्यात सिंहगड रोडला असते, वर्षातून आठ-दहा वेळा कराड-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण करत गुहागरला गावी जाते, म्हणजे शहराचं ट्रॅफिक, घाट आणि समुद्राची खारी हवा तिन्ही तिच्या नशिबात. परवा भाच्याने सेकंडहँड घेतली, 2020 ची पेट्रोल, आणि फोन करून विचारलं मामा किती वर्षं टिकेल रे ही. त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे लिहितोय.

आमचे मिस्त्री पहिल्या दिवसापासून एकच सांगतात, "इंजिनाला काय होत नाय ओ, रबराकडं बघा." तेव्हा वाटायचं काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. आता नऊ वर्षांची बिलं काढून बघितली तर इंजिन कधी उघडावं लागलं नाही, गिअरबॉक्स खोलला नाही, खर्च झालाय तो बुश (सस्पेन्शनच्या जोडातलं रबर), होज पाइप, माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक), बेल्ट, वायपर, टायर, दाराची बीडिंग आणि या रबरातून पाणी आत गेल्यामुळे जे बिघडलं त्यावर. आणि रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. म्हणून "माझी गाडी फक्त 30,000 चाललीय" हे ऐकून खूश होऊ नका, सात वर्षं उन्हात उभी राहून 30,000 झाली असेल तर मला ती रोज हायवेला पळणाऱ्या लाखभर किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते.

यात या प्रकारच्या गाडीचा स्वतःचा एक घोळ आहे. 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांना एक्साइज कमी केली, लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. टॅक्स बदलले, जीएसटी आला, पण ती चार मीटरची रेघ अजून तशीच आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याचशा कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे आतून हॅचबॅकचीच बैठक, वर उंच बॉडी, मोठी चाकं, दोन-तीनशे किलो जास्त वजन आणि पेट्रोलमध्ये बऱ्याचदा छोटं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. उंच आहे म्हणून आपण ती खड्ड्यात बिनधास्त घालतो, स्पीडब्रेकरला ब्रेक मारत नाही, पण खाली लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि बुश काही ट्रकचे लावलेले नसतात. तीन सिलिंडरचं इंजिन जास्त थरथरतं, ती थरथर इंजिन माउंटिंग खातं, म्हणजे परत रबरच.

तर पहिलं काम, आवाज ओळखायला शिका. खडबडीत रस्त्यावर हळू चालवताना पुढून टकटक येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी दांडी, स्वस्त पार्ट, अर्ध्या तासाचं काम. स्पीडब्रेकरवर धप्प असा जड आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट माउंट, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या वरचं रबर. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कटकट तर अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट, आणि तिथे आधी त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं, ग्रीस बाहेर उडालेलं दिसतं, बूट वेळेवर बदललं असतं तर जॉइंट वाचला असता. न्यूट्रलला उभी असताना सीट थरथरते आणि क्लच सोडताना धक्का बसतो तर माउंटिंग बघून घ्या. सर्व्हिस सेंटरवाला लगेच "सस्पेन्शन पूर्ण बदलावं लागेल" म्हणेल, त्याला सांगा गाडी लिफ्टवर घ्या आणि प्राय बारने (लोखंडी पहारीने) हलवून दाखवा कुठला बुश फाटलाय, दाखवला तर बदला. आमच्याकडे 70,000 किलोमीटरला मला चारही शॉकअपचं एस्टिमेट दिलं होतं, मिस्त्रींनी दोन लिंक बदलून आवाज घालवला, शॉकअप पुढे 1,10,000 किलोमीटरला बदलले.

टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवायला, चेन आहे की बेल्ट हे मॅन्युअलमध्ये आजच बघा. बेल्ट असेल तर लिहिलेलं किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल तेव्हा बदलायचाच, वाट बघायची नाही, तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि मग इंजिनाला काय होत नाय हे वाक्य खोटं ठरतं. सेकंडहँड घेताना बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून घासाघीस करा.

ऑइलबद्दल फार लिहीत नाही, 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, मॅन्युअलमधला ग्रेड, संपलं. फक्त एक, टर्बो गाडी रोज तीन-चार किलोमीटरच फिरत असेल, ऑफिस आणि भाजी एवढंच, तर वर्षाची वाट न बघता आधी बदला, इंजिन पूर्ण तापतच नाही आणि ऑइलमध्ये इंधन आणि ओलावा साठत राहतो. हायवेवरून दामटून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट तसंच चालू ठेवा, टर्बोच्या बेअरिंगला तेवढं ऑइल फिरून गार होऊ द्या.

कूलंट मात्र लोक विसरतातच. नव्या गाड्यांमध्ये टेम्परेचरचा काटाच नसतो, निळा-लाल दिवा असतो, आणि लाल लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन गार असताना बॉनेट उघडून बाटलीतली पातळी बघा. कमी होत असेल तर वर पाणी ओतून विसरू नका, जातंय कुठे ते शोधा, होज, रेडिएटर की वॉटर पंप. नळाचं पाणी तर नकोच, क्षार जमतात आणि कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं. कंपनीने सांगितलेलं तयार मिक्स किंवा कॉन्सन्ट्रेट अधिक डिस्टिल्ड वॉटर. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतला ओलावा ओढतं, मग घाट उतरताना तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. कुंभार्ली उतरताना सेकंडमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही, हे मी भाच्याला तीनदा सांगितलं कारण तो ऑटोमॅटिकवाला आहे आणि त्याला वाटतं गिअर हा विषयच आता राहिला नाही. मॅन्युअल मोड असतो, वापरा तो.

ऑटोमॅटिकवरून आठवलं, एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मशीन हलवतं) असेल तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक लावा, नाहीतर क्लच जळतो. ड्राय क्लचवाल्या डीसीटीचंही (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) तेच, ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम जा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. एएमटीमध्ये गिअर ऑइल वेगळं आणि गिअर बदलणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असू शकतं, दुसरं बऱ्याच जणांच्या सर्व्हिस बिलात कधी दिसतच नाही.

बीएस6 (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल घेताय तर स्वतःला विचारा हायवे किती होतो. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं सलग वेगात पळावी लागते. रोज सिटीतच फिरणार असाल तर पेट्रोल घ्या, उगाच दिव्यांशी भांडत बसाल. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. जुन्या गाडीत दर सर्व्हिसला फ्युएल होज आणि जॉइंट हाताने दाबून तपासा, कडक झालेत का, भेगा पडल्यात का, वास येतोय का, आणि गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका कारण इथेनॉल ओलावा धरतं.

आता पावसाळा, कारण खरी वाट इथेच लागते. मे महिन्यात एक रविवार राखून ठेवा. वायपरखालच्या जाळीत पानं साठतात ती हाताने काढा, ती कुजली की पाण्याचा निचरा तुंबतो आणि पाणी ब्लोअरमध्ये उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यात ड्रेनची भोकं असतात, एक ग्लास पाणी हळू ओतून चाकाजवळ खाली येतंय का बघा, आलं नाही तर ते एक दिवस छतातून तुमच्या डोक्यावर येणार. पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं लागलं तर आधी एसीचा ड्रेन पाइप बघा, बऱ्याचदा मातीने तुंबलेला असतो. कार्पेटखाली वायरिंगचे कनेक्टर असतात, ते हिरवे पडले की डॅशबोर्डवर दिवाळी सुरू आणि कारण सापडता सापडत नाही.

दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माझ्याकडे 2018 ला एका कोटिंगवाल्याने अंडरबॉडी कोटिंग करताना ती भोकंच बुजवली. दोन महिन्यांनी दार उघडताना आत खळखळ आवाज, आम्हाला वाटलं मुलाची पाण्याची बाटली असेल. खिळ्याने भोक मोकळं केलं तर लोटाभर पाणी आलं, आणि दाराच्या आतली कड तोपर्यंत गंजायला लागली होती. म्हणजे गंज लागू नये म्हणून पैसे दिले आणि गंज विकत घेतला. कोटिंग करा, पण आधी गाडी खालून धुऊन पूर्ण वाळू द्या आणि भोकं बुजवली नाहीत ना हे स्वतः वाकून बघा. किनाऱ्यावरून परत आलात की वरून चकाचक करण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानीत आतल्या कडेला जो चिखल बसतो तो हाताने काढा, तो ओला राहतो आणि पत्रा तिथूनच खातो.

पूर आला आणि गाडी पाण्यात उभी राहिली तर चावी लावायची नाही. 2019 च्या सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याला पाणी आलं तेव्हा आणि 22 जुलै 2021 ला चिपळूणला, मी दोन्ही वेळा ओळखीच्या लोकांना हीच चूक करताना बघितलं, पाणी ओसरलं म्हणून स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि चालू करून बिघडवलं म्हणून इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, टो करून न्या. इन्शुरन्समधला इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅडऑन आमच्यासारख्या लोकांनी घ्यावाच.

पावसाळ्यातच उंदीर बॉनेटखाली येतात, ऊब असते म्हणून. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं सगळं करून झालं, मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पार्किंग बदलण्याचा, कचऱ्याच्या डब्यापासून लांब. गाडी आठवडाभर उभी असेल तर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघत जा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. खाच शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर मी ठेवत नाही, कडेला बारीक भेगा दिसल्या तर त्याच्याही आधी. स्टेपनीची तारीख पण बघा, ती नऊ वर्षांची निघते आणि आपण तिच्यावर घाट चढतो. बॅटरी तीन-चार वर्षं, स्टार्टर आळसावला की लगेच तपासा, नव्या गाड्यांत व्होल्टेज कमी झालं की एबीएस, स्टेअरिंग, काहीही दिवे लागतात आणि लोक भलतेच पार्ट बदलत बसतात.

सर्व्हिस सेंटरला जॉबकार्डवर स्वतः लिहून द्या काय करायचं, आणि खाली लिहा की फोन केल्याशिवाय जादा काम नको, जुने पार्ट परत हवेत. इंजिन फ्लश, डीकार्ब, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन यातलं बहुतेक विकायला ठेवलेलं असतं, मॅन्युअलमध्ये नसेल तर नको म्हणा, लाजू नका. वॉरंटी असेपर्यंत तिथेच जा आणि संपायच्या आधी एक्स्टेंडेड घेऊन ठेवा, खास करून टर्बो पेट्रोल आणि ऑटोमॅटिकला. त्यानंतर एक चांगला मिस्त्री धरा आणि त्याला बदलू नका.

छोट्या ओरखड्याला क्लेम करू नका, पाच वर्षं क्लेम नसला की एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) 50 टक्के होतो आणि एका बंपरपायी तो जातो. सगळी बिलं एका फाइलमध्ये आणि एक साधी वही, तारीख, किलोमीटर, काय बदललं. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नेऊन फिटनेस, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. आमच्या गाडीची वेळ 2031 ला येईल. भाच्याने वही लगेच आणली, पण पहिल्या पानावर फक्त डिझेल किती टाकलं ते लिहिलंय, आणि गाडी पेट्रोलची आहे.