एकाच नावाखाली परिसरशास्त्र आणि त्वचारोग : शास्त्रज्ञाचे काम कसे तपासावे

गूगल स्कॉलर किंवा स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचींत एखाद्या शास्त्रज्ञाचे नाव शोधल्यावर गवताळ प्रदेशातील वनस्पतींवरचे आणि सोरायसिस या त्वचारोगावरचे शोधनिबंध एकाच यादीत दिसले, तर त्यांना मिळालेल्या उद्धरणांची (म्हणजे इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांची) बेरीज करण्याआधी ती यादी एकाच माणसाची आहे का, हे तपासावे. लेखकांच्या नोंदी बऱ्याच अंशी संगणकच जुळवतो आणि त्यात दोन माणसे एक होतात किंवा एकाच माणसाच्या दोन नोंदी पडतात. आपल्याकडे हा धोका अधिक आहे. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. जोशी’ या नावाने लिहिणारे संशोधक अनेक विषयांत सापडतात, रोमन लिपीत एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे काम वेगळ्याच नोंदीत अडकून राहू शकते; तसे झाले की तिच्या श्रमांचा अर्धा हिशेब मांडलाच जात नाही.

तपासणीसाठी प्रथम ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक पाहावा. संशोधकाला स्वतःची ओळख नोंदवता यावी म्हणून २०१२ पासून हा १६ स्थानांचा क्रमांक दिला जातो. तो नसेल, तर प्रत्येक निबंधावरील संस्था, सहलेखक आणि वर्ष यांचा एक साधा तक्ता करावा. संस्था बदलतात, परंतु सहलेखकांचे वर्तुळ सहसा एकदम तुटत नाही. म्हणून दोन विषयांच्या यादीत एकही सामाईक सहलेखक नसेल आणि त्याच वर्षांत दोन वेगळ्या शहरांतील संस्था दिसत असतील, तर त्या दोन व्यक्ती असण्याची शक्यता मोठी असते.

मात्र केवळ विषय वेगळे दिसले म्हणून नोंद तोडू नये. त्वचेवरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास आज परिसरशास्त्राच्याच पद्धतींनी होतो. एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील २० जागांचे जीवाणू तपासले, तेव्हा ओलसर काख आणि कोरडा हात यांची तुलना त्यांनी वर्षावन आणि वाळवंट यांच्याशी केली होती. बेडकांच्या त्वचेवर हल्ला करणाऱ्या कायट्रिड बुरशीचे संशोधनही या सीमेवरच आहे. अशा वेळी निबंधांचे सारांश वाचण्याला पर्याय नाही.

ओळख पक्की झाली की मग आकडे घ्यावेत, आणि प्रत्येक आकड्यापुढे स्रोत व तारीख लिहावी. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल आणि प्रकाशनपूर्व मसुदेही मोजतो, तर स्कोपस निवडक प्रकाशनांपुरता राहतो. त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक, म्हणजे किमान तितकीच उद्धरणे मिळालेल्या निबंधांची सर्वांत मोठी संख्या, हाताने काढता येतो. निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावावेत. समजा उद्धरणे ४०, २२, ९, ६, ५ आणि ३ आहेत. पाचव्या निबंधाला ५ उद्धरणे आहेत, सहाव्याला मात्र ६ नाहीत. म्हणून निर्देशांक ५. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४०० उद्धरणे असती, तरी तो ५ च राहिला असता, ही त्याची मोठी मर्यादा आहे.

दोन विषयांतील आकडे थेट शेजारी ठेवणे हा माझ्या मते अन्यायच आहे. परिसरशास्त्रातील चांगला निबंध दशकानुदशके उद्धृत होत राहतो, कारण जंगलाच्या जुन्या नोंदी पुढच्या पिढीलाही लागतात. त्वचारोगशास्त्रात एखादा मोठा औषध-चाचणीचा निबंध झपाट्याने उद्धृत होतो, पण दवाखान्यातील एका रुग्णाचे काळजीपूर्वक केलेले वर्णन, डॉक्टरांना कितीही उपयोगी पडले, तरी क्वचितच मोजले जाते. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या निबंधांवर तर शेकडो लेखक असतात. त्यातील एका नावामुळे कुणाचीही एकूण उद्धरणे फुगतात. असे निबंध बाजूला काढून, पहिल्या किंवा शेवटच्या स्थानावर लेखक म्हणून नाव असलेल्या निबंधांचा हिशेब स्वतंत्र करावा. स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणे वगळावीत आणि मागे घेतलेले निबंध आहेत का, हेही पाहून घ्यावे. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात याचा आकडा, व्यक्तीला लावू नये. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या, संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच आहे.

शेवटी, यादीबाहेरच्या कामासाठी शास्त्रज्ञावरील आपल्या टिपणात वेगळा परिच्छेद ठेवावा. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी विल्यम बॉसर्ट यांच्यासह १९७० मध्ये लिहिलेला सजीवांच्या जीवनक्रमांवरील निबंध उद्धरणांच्या हिशेबात सहज दिसतो. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाबद्दल २०११ मध्ये दिलेला अहवाल मात्र नियतकालिकातला निबंध नव्हता, आणि कोकणात व गोव्यात खाणींचा वाद निघाला की आजही त्याचेच नाव घेतले जाते. अशा अहवालांची, त्वचारोगाच्या उपचार-मार्गदर्शिकांची आणि विद्यार्थी घडवण्याच्या कामाची नोंद त्या परिच्छेदात, आकड्यांत न मिसळता, नावनिशीवार करावी.