विधानसभेत जाणारा प्रश्न गावात बसून कसा लिहावा

आमच्या वाडीत यायला व्हाळावर एक साकव, म्हणजे ओढा ओलांडायला बांधलेला लहान पूल, आहे. काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात त्याचा एका बाजूचा कठडा आणि अर्धी स्लॅब वाहून गेली. पोरं दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून शाळेत जायला लागली. मी रागारागाने कागद घेतला आणि आमच्या ओळखीच्या विरोधी पक्षाच्या आमदारांसाठी तीन भागांचा प्रश्न लिहून दिला. पहिला भाग असा : ‘सदर गावातील पूल कोसळल्याने ग्रामस्थांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ अधिवेशनात छापील उत्तर आलं : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

खात्याच्या नोंदीत त्या जागी पूल नव्हताच, साकव होता. तो ‘कोसळला’ही नव्हता, ‘अंशतः क्षतिग्रस्त’ होता. म्हणजे उत्तर देणाऱ्याने कागदावर खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मी ते शेजारच्या काकींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “पूल खंयचो गो? साकव तो.” या दोन शब्दांपायी पोरांचा आणखी एक पावसाळा पाण्यातून गेला. ती चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते. देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी हिशेब लिहिते. त्यानंतर गावोगावच्या लोकांसाठी बरेच प्रश्न लिहून दिले. जे शिकले ते इथे मांडते आहे.

आधी आमदार कोण धरायचा ते बघा. तो तुमच्याच मतदारसंघाचा असावा लागतो असं नाही. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, यांतला मंत्री किंवा पीठासीन अधिकारी नसलेला कुठलाही सदस्य कोकणातल्या साकवाबद्दल विचारू शकतो. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात, चांगले विचारतात. पण त्यांना मंत्र्यांच्या दालनाची वाट मोकळी असते, तिथे बसून काम होत असेल तर ते सभागृहात अवघड प्रश्न कशाला काढतील? विरोधी आमदाराला ती वाट नसते. त्याच्या हातात असतो तो कामकाजाचा पहिला तास, प्रश्नोत्तराचा. तिथे मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावंच लागतं. आपल्या या पट्ट्याला विरोधी बाकाची किंमत जुनी ठाऊक आहे. राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅ. नाथ पै यांना आणि १९७१ मध्ये प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं, ते त्या बाकांवरून बोलण्यासाठीच.

मग विषय कोणाचा ते ठरवा. कोकण रेल्वेच्या फलाटाबद्दल विधानसभेत विचारून उपयोग नाही, ते खासदाराचं काम. समुद्राच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्याच्या पलीकडची केंद्राच्या. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटीबद्दल तक्रार असेल तर ती किती वाव (खोली मोजायचं माप) पाण्यात, कुठल्या बंदरासमोर, किनाऱ्यापासून किती अंतरावर दिसली हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारून लिहून घ्या. ‘खोल समुद्रात’ एवढंच लिहिलंत तर उत्तर दिल्लीकडे बोट दाखवून मोकळं होईल. कोर्टात चालू असलेल्या बाबीही टाळा. न्यायप्रविष्ट म्हटलं की तिथेच प्रश्न थांबतो.

आता कागद. प्रश्नाच्या प्रत्येक ओळीमागे एक कागद हवा, हा माझा नियम आहे आणि मी तो मोडत नाही. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, खात्याला दिलेल्या अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच, तारखेसह फोटो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज अधिवेशनाच्या बराच आधी टाकून ठेवा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि उत्तराला ३० दिवस. त्या उत्तरात खातं स्वतः त्या जागेला काय म्हणतं ते कळतं : साकव की पूल, धूप प्रतिबंधक बंधारा की संरक्षक भिंत, जेटी की धक्का. तेच शब्द प्रश्नात उचला. आपण बोलतो ते शब्द आमदारांच्या भाषणासाठी ठेवा.

मसुदा लिहिताना साचा ठरलेला आहे आणि तो पाळलेला बरा. आमच्या सोसायटीच्या कामातलंच उदाहरण देते. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. मच्छीमार आधी पूर्ण भावाने डिझेल भरतो, परतावा मागाहून सोसायटीमार्फत येतो. तो थकला की काठावरचं घर अडतं. आमच्याकडच्या एक काकी दर आठवड्याला खिडकीशी येऊन एकच विचारायच्या, “माजे डिझेलचे पैसे कधी गावतले?” त्यांचा प्रश्न सभागृहाच्या भाषेत असा होतो :

‘सन्माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :– (१) सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील परताव्याची रक्कम दिनांक ३१ मार्च रोजी वा त्यासुमारास अदा झालेली नव्हती, हे खरे आहे काय, (२) असल्यास, संस्थानिहाय प्रलंबित रक्कम किती आहे, (३) असल्यास, सदर रक्कम अदा करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यातले ‘वा त्यासुमारास’ हे शब्द विसरू नका. तारीख एका दिवसाने चुकली तरी ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं, आणि ती पळवाट हे दोन शब्द बंद करतात. ‘संस्थानिहाय’ हा शब्दही जाणून घातला आहे. तो नसेल तर जिल्ह्याचा एक गोळा आकडा मिळतो आणि कोणाचं किती अडलंय ते कळत नाही. शेवटचं ‘नसल्यास’ तर हवंच, कारण काहीच केलं नसेल तर निदान कारण कागदावर यावं. एका प्रश्नात एकच विषय ठेवा. डिझेल, बंदरातला गाळ आणि बर्फाचा कारखाना एकत्र कोंबले की तिन्हींचं उत्तर पातळ होतं. मतं, विशेषणं, कोणावर ताशेरे, ‘असे झाल्यास काय’ छापाच्या कल्पना, हे काहीही घालू नका. ते नियमातच बसत नाही आणि प्रश्न छाननीत गळतो. ‘मुजोर अधिकारी’ लिहून मन हलकं होतं, प्रश्न मात्र जातो.

धरण, बंधारा, डोंगराखालची वस्ती असा जीवाशी खेळणारा विषय असेल तर ‘धोका आहे, हे खरे आहे काय’ असं कधीही विचारू नका. ‘धोका नाही’ म्हणणं सोपं असतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालच्या वाडीतली घरं आणि माणसं वाहून गेली. धरणाला गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. म्हणून मी नेहमी असं लिहिते : शेवटची तपासणी कोणत्या दिनांकास झाली, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याने केली, अहवालात कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या, त्यांपैकी कोणत्या झाल्या. या चार गोष्टींना ‘हे खरे नाही’ हे उत्तर होऊच शकत नाही. तारीख द्यावी लागते, किंवा तपासणी झालीच नाही हे कबूल करावं लागतं. पावसाळ्याआधी असं एक उत्तर छापून आलं तर त्या खालच्या वाडीसाठी त्याचं मोल फार मोठं आहे.

प्रश्नाचा प्रकार आमदारांचं कार्यालय ठरवतं, पण तुम्हाला माहीत असावा. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी. आकडे हवे असतील, यादी हवी असेल तर अतारांकितच बरा. घटना ताजी आणि गंभीर असेल तर लक्षवेधी सूचना. तारांकित प्रश्नांची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, त्यामुळे ‘अधिवेशन सुरू झालं, आता देऊया’ हे चालत नाही. आमच्यासाठी पावसाळी अधिवेशन महत्त्वाचं. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि १ ऑगस्टला समुद्रात जायचं तर डिझेलचे पैसे त्याआधी हातात हवेत. म्हणून आम्ही कागद शिमग्यानंतर लगेच गोळा करायला घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उपप्रश्न. छापील प्रश्न म्हणजे नुसतं दार ठोठावणं. आमदारांना मी तीन चिठ्ठ्या करून देते, प्रत्येकीवर एकच वाक्य, मोठ्या अक्षरात. मंत्री ‘हो, थकबाकी आहे, निधी मिळताच देऊ’ म्हणाले तर पहिली चिठ्ठी : ‘याच अधिवेशनात मांडलेल्या पुरवणी मागण्यांत ही रक्कम धरली आहे का? धरली असेल तर किती?’ मंत्री ‘प्रस्ताव तपासत आहोत’ म्हणाले तर दुसरी : ‘प्रस्ताव कोणत्या दिनांकास मिळाला आणि आज तो कोणाच्या टेबलावर आहे?’ मंत्र्यांनी आकडाच नाकारला तर तिसरी, आपल्या सोसायटीच्या नावावरचा आकडा आणि पोचेचा आवक क्रमांक.

एकदा नागपूरला हिवाळी अधिवेशनात मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. कणकवलीहून मुंबई, तिथून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास. आमच्या प्रश्नाचा क्रमांक खाली होता, तास संपत आला होता आणि घड्याळाकडे बघवत नव्हतं. शेवटी पुकारा झाला. मंत्र्यांनी छापील उत्तर सांगितलं, आमदारांनी पहिली चिठ्ठी वाचली. मंत्री क्षणभर थांबले, अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथून घडी केलेला कागद शिपायाच्या हातून खाली गेला. तो उलगडून वाचेपर्यंत सभागृह शांत होतं. मग मंत्री म्हणाले, “मार्चअखेरपर्यंत देऊ.” गॅलरीत टाळी वाजवायची नसते. मी हात घट्ट धरून बसले आणि ते दोन शब्द मनात घोकत राहिले.

तुमच्या प्रश्नाची पाळी येईलच असंही नाही. पहिल्या तासात थोडेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर ठेवली जातात. ती छापील प्रत मागून घ्या, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही याद्या असतात. उत्तर आलं की लगेच गावात वाचून दाखवा, जागेवर जाऊन पडताळा. चुकीचं असेल तर पुराव्यासह पुढचा प्रश्न त्याच उत्तराचा क्रमांक देऊन लिहा.

सभागृहात मंत्री ‘करू’ म्हणाले असतील तर कार्यवाहीच्या वृत्तांतातलं ते नेमकं वाक्य काढून ठेवा. ‘सकारात्मक विचार करू’ आणि ‘बैठक घेऊ’ यांना फार धरता येत नाही. तारीख किंवा काम बोलून दाखवलं असेल तर ते आश्वासन होतं आणि त्याच्या पाठपुराव्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. आमदारांना त्या वाक्याची प्रत जोडून समितीकडे पत्र द्यायला सांगा. माझ्याकडे यासाठी वेगळी वही आहे : डावीकडे मंत्र्यांचं वाक्य आणि दिनांक, उजवीकडे काय झालं ते. उजवी बाजू रिकामी असेल तर मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमदारांच्या स्वीय सहायकांना फोन करते. त्यांना कंटाळा येत असेल, पण त्यांनी तो कधी दाखवला नाही, त्यांचे आभार.

साकवाचा प्रश्न मी दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा ‘साकव’ लिहिलं, ‘अंशतः क्षतिग्रस्त’ लिहिलं आणि माहिती अधिकारात मिळालेल्या अंदाजपत्रकाचा दिनांक घातला. उत्तर आलं : ‘हे खरे आहे.’ स्लॅब त्यानंतरच्या उन्हाळ्यात झाली. वाडीच्या बाजूचा कठडा मात्र अजून बांधलेला नाही, तिथे आम्ही बांबू बांधून ठेवलाय. पुढच्या अधिवेशनासाठी तो मसुदा तयार आहे, फक्त कठड्याला खातं काय म्हणतं ते माहिती अधिकाराच्या उत्तरात यायची वाट बघतेय.