न सापडलेल्या तेलाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

बडोद्यात भूशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना गुजरातमधल्या तेलसमृद्ध खंभात खोऱ्याचे उदाहरण अगदी जवळ असते, म्हणूनच त्याच्या आकड्यांवर घाईने सूत्र चालवण्याचा मोह होतो. सर्वांत मोठी चूक सापडलेल्या तेलक्षेत्रांना यादृच्छिक नमुना, म्हणजे कोणताही कल न ठेवता निवडलेला नमुना, मानण्याची आहे. तेल अडकू शकेल अशी खडकांची मोठी संरचना भूकंपीय सर्वेक्षणात (जमिनीत कंपने सोडून केलेल्या पाहणीत) लवकर दिसते आणि तिच्यावर विहीरही आधी खोदली जाते. त्यामुळे क्षेत्र सापडण्याची शक्यता त्याच्या आकाराबरोबर वाढते. आर्प्स आणि रॉबर्ट्स या संशोधकांनी 1958 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर खोऱ्यासाठी हाच संबंध गणितात मांडला. सापडलेल्या क्षेत्रांची सरासरी उरलेल्यांना लावली, तर उत्तर फुगते. म्हणून शोधांचा क्रम आणि तोवरच्या विहिरींची संख्या प्रारूपात, म्हणजे अंदाजाच्या गणिती मॉडेलमध्ये, घ्यावी.

मात्र हा नियम सारख्या भूशास्त्रीय घडणीच्या क्षेत्रांपुरताच नीट लागू पडतो. खंभात खोऱ्यातच 1960 मध्ये सापडलेले अंकलेश्वर तेलक्षेत्र अपनतीतले, म्हणजे खडकांच्या कमानीसारख्या घडीतले आहे. 1980 च्या दशकात हाती आलेल्या तिथल्याच गंधार क्षेत्रात तेल अडकण्यामागे वाळूच्या थरांच्या बदलत्या विस्ताराचा मोठा वाटा आहे. दोन्ही एकाच यादीत घातली की सपाट होत आलेला शोधवक्र (विहिरी वाढतील तसे एकूण सापडलेले तेल दाखवणारा आलेख) मध्येच उसळी घेतो. अशा वेळी वक्राचे सूत्र बदलू नये, आधी यादी वेगळी करावी. माझ्या मते या कामात संख्याशास्त्रज्ञाला भूशास्त्रज्ञाची सर्वाधिक गरज इथेच भासते.

लहान क्षेत्रे आकारानुसार मांडलेल्या आलेखात कमी दिसतात म्हणून ती निसर्गातच कमी आहेत, असेही समजू नये. परवडत नसल्याने त्यांतली कित्येक नोंदलीच जात नाहीत. तेलाचा भाव चढल्यावर या वितरणाचे शिखर, म्हणजे सर्वाधिक क्षेत्रे दिसणारा आकार, लहान आकारांकडे सरकत असेल, तर ते शिखर अर्थकारणाने घडवलेले आहे. नव्या क्षेत्रांच्या साठ्यांचे अंदाज पुढे बहुधा वाढतात, तेव्हा जुन्या-नव्यांची तुलना तशी दुरुस्ती करूनच करावी.

बेरजेतही घोटाळा होतो. प्रत्येक क्षेत्राचा 10 टक्के शक्यतेचा वरचा आकडा (प्रत्यक्ष साठा ज्याहून जास्त निघण्याची शक्यता 10 टक्केच असते) घेऊन बेरीज केल्यास संपूर्ण खोऱ्याचा 10 टक्के शक्यतेचा आकडा मिळत नाही. सरासऱ्यांची बेरीज मात्र नेहमी चालते. एकूण अंदाजाचा पल्ला काढण्यासाठी मॉन्टे कार्लो पद्धत (यादृच्छिक आकडे घेऊन गणित अनेकदा चालवण्याची रीत) वापरताना सर्व क्षेत्रे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर तो पल्ला खोटा अरुंद येतो, कारण खंभात शेलसारखा स्रोतखडक, म्हणजे ज्यात तेल तयार होते तो खडक, अनेक क्षेत्रांना सामाईक असतो आणि त्याविषयीची शंकाही सामाईकच असते.

प्रारूप तपासायचे असल्यास 1980 पर्यंतचेच शोध त्याला द्यावेत आणि त्यानंतरच्या शोधांशी उत्तर ताडून पाहावे.