कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटकडे हत्यार आहे का, उपचार न थांबवता कसं बघायचं

आधी मुख्य गोष्ट सांगतो, झडतीसाठी सिरीयस पेशंट दारात अडवायचा नाही. चालत येणारे आणि सोबतचे नातेवाईक यांची तपासणी दारात, ट्रॉलीवरच्या पेशंटची आत, उपचार करता करता. परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवा, बाकीची प्रोसिजर नंतर.

आता आत नेमकं कसं करायचं. ट्रॉमाचा, म्हणजे अपघात-मारामारीत जखमी झालेला पेशंट आला की श्वास, रक्तस्राव वगैरे बघून शेवटी कपडे काढून पूर्ण अंग तपासतोच ना आपण, तीच झडती समजा, वेगळं काही करायची गरज नाही, फक्त डोळे उघडे ठेवायचे. कुशीवर वळवताना पाठीची जखम बघतो तेव्हाच कमरेची मागची बाजू बघून घ्या, चाकू तिथेच खोचलेला असतो बऱ्याचदा. मग मोजे, बूट, अंगावरची चादर, आणि ट्रॉलीवर पायापाशी ठेवलेली पिशवी, ही पिशवी तर हमखास राहून जाते. खिशात सरळ हात घालू नका, ब्लेड किंवा सुई असली तर ग्लोव्हजने काही अडत नाही. बाहेरून हलकं दाबून बघा, टणक लागलं तर खिसाच कापून वेगळा करा.

पेशंट शुद्धीवर असेल तर आधी विचारा, साध्या शब्दात, "काका, शर्ट-पॅन्ट काढावी लागेल, जखम बघायचीय, खिशात काही कापणारं टोचणारं आहे का, आमच्या हाताला लागेल म्हणून विचारतोय." असं विचारलं की बरेच लोक स्वतःच काढून देतात. आपल्याकडे ऊसतोड कामगाराजवळ कोयता, शेतातून थेट आणलेल्या बाईच्या कमरेला विळा, म्हाताऱ्यांच्या चंचीत अडकित्ता असणारच, ती त्यांची रोजची वस्तू आहे, त्यांच्यावर गुन्हेगार असल्यासारखं ओरडू नका प्लीज. बाईची झडती बाईनेच घ्यायची, पडद्याआड, सिस्टर किंवा मावशी असतातच. नांदेडकडे शीख पेशंट येतात, कृपाण बाळगण्याचा हक्क त्यांना घटनेच्या कलम 25 ने दिलाय, त्यामुळे आदराने विचारा, काढणं गरजेचंच असेल तर घरच्यांच्या हातात द्या.

हातातल्या मेटल डिटेक्टरवर फार विसंबू नका. ट्रॉली लोखंडी, त्यामुळे झोपलेल्या पेशंटवर फिरवला की तो वाजतच राहतो. पायात रॉड-प्लेट असली तरी वाजतो. पेसमेकर आहे का ते आधी विचारा, असेल तर छातीवर मशीन धरून ठेवू नका. पण दारावर त्याचा खरंच उपयोग होतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलने मेटल डिटेक्टर लावले तर पहिल्या सहा महिन्यांत 33 पिस्तुलं आणि 1324 चाकू सापडले, आणि हे चेहरा बघून निवडलेल्या लोकांकडून नाही. नियम सगळ्यांना सारखाच पाहिजे, नगरसेवकाच्या माणसांनाही. नातेवाईक नाही म्हणाला तर त्याला बाहेर बसवा. पेशंट नाही म्हणाला तरी उपचार द्यायचेच, पण एकट्याने जवळ जायचं नाही आणि पोलीस चौकीला कळवायचं.

पोलिसांनी आणलेला माणूस तपासलेलाच असेल असं धरून चालू नका. केरळात कोट्टारक्करा तालुका हॉस्पिटलमध्ये मे 2023 मध्ये पोलिसांनी ड्रेसिंगला आणलेल्या माणसाने डॉ. वंदना दास यांचा जीव घेतला, आणि हातात होती ती हॉस्पिटलचीच कात्री. म्हणजे झडती एकदम व्यवस्थित झाली असती तरी हे घडलं असतं! म्हणून चिडलेल्या, बरळणाऱ्या, दारू प्यायलेल्या पेशंटजवळ ड्रेसिंगचा ट्रे उघडा ठेवायचा नाही, कात्री वापरली की लगेच परत आपल्या ताब्यात. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जानेवारी 2023 मध्ये निवासी डॉक्टरांवर चाकूहल्ला झाला तो ऍडमिट पेशंटकडूनच, म्हणून वॉर्डात शिफ्ट करताना पिशवी आणि उशी पुन्हा एकदा बघा.

चाकू सापडला तर आरडाओरडा नको, स्टाफमध्ये आधीच एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. वस्तू किडनी ट्रेमध्ये ठेवून ट्रे पेशंटपासून लांब न्या. त्याच्या हातातच असेल तर हिसकावायला जाऊ नका, मागे सरका, दाराकडची बाजू आपल्याकडे ठेवा, सिक्युरिटीला बोलवा. पिस्तूल असेल तर मॅगझिन काढायचा शहाणपणा अजिबात नको, कव्हरमध्ये असेल तर पट्ट्यासकट सोडवा, नळी माणसांकडे येऊ देऊ नका आणि पोलीस येईपर्यंत तिथे एक माणूस उभा करा. जखमेत रुतलेला चाकू मात्र ओढून काढायचा नाही, तो ऑपरेशन थिएटरमध्येच निघेल. एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) असेल तर कपडे चाकू-गोळीच्या भोकातून न कापता बाजूने कापा, आणि कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओलं रक्त कुजतं.

सापडलेली प्रत्येक वस्तू रजिस्टरला, वेळ आणि दोघांच्या सह्यांसकट. कोयता-विळा नातेवाईकाला सही घेऊन द्या, तोही शक्यतो गेटबाहेर. एमएलसीतली वस्तू पोलिसांकडेच जाईल, देताना त्यांच्याकडून पोच घ्या आणि ती केस पेपरला जोडा.