पुण्यातलं टाकं बर्फाळ समुद्रात कसं गेलं? सामायिक नकाशातल्या या चुका टाळा

गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा नकाशा दहा जणांनी मिळून करायचा, तर यूमॅप सोयीचं. ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, खाली ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेला खुला नकाशा. पण पिना भलतीकडे पडल्या की सगळे नकाशाला बोल लावतात. खोट बहुतेक वेळा आपल्याच एक्सेलमध्ये असते.

सगळ्यात जुनं दुखणं अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीचं. पुणे १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. आकडे उलटे भरलेत तर पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या आसपास समुद्रात! घोळ होतो कारण आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसन फायलीत (नकाशाची माहिती साठवायचा एक फाइल-प्रकार) मात्र रेखांश आधी लागतो. सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमधून निघणाऱ्या साध्या तक्त्याच्या फायलीत, क्रमाची भानगड नाही. तिथे रकान्यांची शीर्षकं इंग्रजी अक्षरांत ‘लॅट’ आणि ‘लॉन’ अशी हवीत.

याहून फसवी चूक अंश-कलांची. १८ अंश ३१ कला (मिनिटं) १२ विकला (सेकंद) म्हणजे १८.५२. घाईत कुणी १८.३११२ टाइप केलं, तर पिन सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. समुद्रात गेलेली पिन निदान दिसते तरी. ही महाराष्ट्रातच राहते, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. कलांना ६०ने भागा, विकलांना ३६००ने, आणि अंशांत मिळवा. दशांशही छाटू नका: दोनच स्थळं ठेवलीत तर अर्ध्या किलोमीटरचा फरक पडू शकतो, पाच ठेवलीत तर मीटरभरही नाही.

मराठी नावांच्या जागी कचरा दिसतोय? फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) निवडा.

आता लिंक. संपादनाची गुप्त लिंक ग्रुपवर टाकली की फॉरवर्ड होणारच, आणि ती ज्याच्या हाती पडेल तो पिना पुसू शकतो. बघणाऱ्यांना साधी लिंक द्या. लॉगइन न करता नकाशा केला असेल, तर ती गुप्त लिंक हीच तुमची किल्ली. हरवली की बसा. प्रत्येकाला आपापला लेअर (पिनांचा वेगळा थर) द्या आणि अधूनमधून डेटा डाउनलोड करून ठेवा.

आणखी एक गैरसमज: यूमॅपवर टाकलेलं टाकं ओपनस्ट्रीटमॅपवर आपोआप जात नाही. तिथे खातं काढून वेगळं भरावं लागतं. गूगल मॅप्सवरून बघून उतरवलेलं परवान्यामुळे चालत नाही. गडावर चढून, टाक्यापाशी उभं राहून घेतलेली जीपीएस नोंद मात्र खुशाल भरा.